दोरीवरचा आकडा, पाण्यावरचा आकडा

चाचा,

तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही असं तुम्ही स्वतःच सांगायचात, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचणार याची चिंता मी करत नाही. मी नेकनूरला आईकडे आले आहे. जेवणं झाली, आई पडली आहे, आणि मी ओसरीत मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेऊन लिहायला बसले त्याला तासभर होत आला. तेवढ्यात चारदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा नळ आला का बघायला, एकदा शेजारणीची कोंबडी हाकलायला, आणि एकदा नुसतीच. बूड टेकत नाही, असं आई म्हणते ते बरोबर आहे. गेला आठवडाभर माझं हेच चाललं आहे. ऑफिसातही मी उभ्यानंच चहा पिते.

कारण सांगते. पुण्याजवळ जिथे मी नोकरीला आहे तिथे गाड्यांची ताकद मोजतात. आमचं मशीन तुम्ही पाहिलं असतंत तर आधी खाली वाकून त्याच्या पोटात बघितलं असतंत. जमिनीत दोन मोठे रूळ बसवलेले आहेत. गाडीची चाकं त्यांवर चढवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची, आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागच्या जागी पळते, रूळ फिरतात, आणि पडद्यावर रेघ चढत जाते. तर गेल्या आठवड्यात एक तरुण आपली मोटार घेऊन आला. त्यानं हौसेनं इंजिनात काहीबाही करून घेतलं होतं. त्याच्याकडे दोन गॅरेजांतले दोन कागद होते. एकावर एकशे बारा हॉर्सपॉवर, दुसऱ्यावर सत्त्याण्णव. आमच्याकडे आली एकशे चार. तो तिन्ही कागद टेबलावर आपटून मला म्हणाला, यातलं खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा, बाकीचं मी बघून घेतो.

मी त्याला समजावलं. मला ते पाठच आहे. कोणाचे रूळ जड, कोणाचे हलके. टायरात हवा किती होती, पट्टे किती आवळले होते, त्या दिवशी ऊन किती होतं, समोर पंखा लावला होता की नाही, आणि गिअरबॉक्सात खर्च झालेली ताकद परत मिळवायला कोणी किती टक्के वर धरले. तिघंही खरं बोलत असतील, पण तिघांची आपसात तुलना करायची नाही. तुला काही जाणून घ्यायचंच असेल तर काम करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, एकाच मशीनवर मोजायचं, आणि आकडा सोडून फरक बघायचा. हे मी अगदी सहज बोलले, त्याला पटलंही, आणि मला दरदरून घाम फुटला. ते वाक्य माझं नव्हतं, चाचा. तुम्ही ते माझ्यासमोर बोलला होतात, पाच माणसांच्या बैठकीत, आणि मी खाली मान घालून टेबलावरची टाचणी फिरवत बसले होते. तुम्ही किती बरोबर होतात ते मला इतक्या वर्षांनी, एका परक्या मुलाशी बोलताना कळलं.

आता मागचं सगळं डोक्यात घोळतं आहे. मला वडिलांनी बीडला तुमच्या इंजिन-दुरुस्तीच्या शेडवर आणलं तो रविवार आठवतो. तंत्रनिकेतनात आम्ही वर्गात दोनच मुली, आणि इंजिनाचं प्रात्यक्षिक असलं की सर आम्हाला आकृत्या काढायला बसवायचे, हात काळे होतील म्हणून. वडील शाळेत शिपाई होते. त्यांची स्कूटर तुमच्याकडेच यायची. त्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं की हिला कागदावरचं येतं, लोखंडावरचं शिकवा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात की आधी ती ओढणी आत चाचीकडे ठेवून ये, पट्ट्यात अडकली तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू. महिनाभर मी नुसते नटबोल्ट डिझेलमध्ये धुतले. मला वाटायचं हा माणूस फुकटात राबवून घेतो आहे, आणि घरी येऊन मी तसं बोललेही. वडील म्हणाले, मग जाऊ नको. पुढच्या रविवारी मी पहिल्या बसनं गेले.

तुमच्या शेडच्या मागच्या भिंतीतच चाचीच्या स्वयंपाकघराचं दार होतं. एक वाजला की चाची त्या दारात उभी राहून नुसतं ताट वाजवायची. आत धुराचा आणि लसणाच्या फोडणीचा वास, बाहेर जळक्या ऑइलचा, आणि उंबऱ्यावर दोन्ही वास एकत्र. ज्वारीची भाकरी आणि खट्टी दाळ. तुम्ही चुलीकडे पाठ करून बसायचात, म्हणजे उघड्या दारातून शेडवर लक्ष राहायचं. चाची मला दर रविवारी विचारायची, कावून इतकी वाळलीस, कॉलेजात खायला देत न्हाईत का. मी उत्तर द्यायच्या आत तिसरी भाकरी ताटात पडलेली असायची. ती भाकरी मी आजही जेवते आहे असं वाटतं, हात धुऊनसुद्धा बोटांना ऑइलचा वास येतो आहे.

आणि तुमचं ते मशीन. तुम्ही त्याला काटा म्हणायचात, पुस्तकात त्याचं नाव रोप ब्रेक डायनॅमोमीटर. मी ते नाव तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दोनदा म्हणून बघितलंत आणि सोडून दिलंत. इंजिनाच्या दांड्याला भंगारातून आणलेला जाड ड्रम, त्याच्याभोवती दोराचे वेढे, दोराच्या एका टोकाला वजनं आणि दुसरं टोक वर टांगलेल्या ताणकाट्याला. इंजिन सुरू झालं की ड्रम दोराला ओढतो, काटा हलतो, आणि तो हिसका किती आणि फेरे किती यावरून ताकद काढायची. ड्रम तापून दोर जळायला लागला की त्यावर मगानं पाणी मारायचं. हे सगळं तुम्ही कोणत्या तरी जुन्या कारखान्यात बघून आला होतात. बीडमधल्या दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे तसलं काही नव्हतं, आणि बाकीचे तुम्हाला त्यावरून हसायचे. गाडी घाट चढली म्हणजे झालं, दोर कशाला बांधता, म्हणायचे.

तिथेच एकदा तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही आकडा विचारलात आणि मी लांबूनच बघून म्हणाले, अंदाजे अठरा किलो. तुम्ही इंजिन बंद केलंत. पूर्ण बंद. मग शांतपणे म्हणालात, "अंदाज घरी ठेव. आकडा सांग, आन तो कुठं उभं राहून पाह्यलास ते बी सांग. न्हाई तर तो आकडा कुनाचा बी न्हाई." मी रडकुंडीला आले होते. त्या दिवसापासून वही माझ्याकडे आली. तुम्ही उर्दूत लिहायचात, पण गिऱ्हाइकाला वाचता यावं म्हणून आकडे मराठीत हवे होते. प्रत्येक गाडीच्या दोन ओळी. काम करायच्या आधी किती, काम केल्यावर किती. ऊन होतं का, दोर नवा का जुना, तेही बाजूला. मोठी निळ्या पुठ्ठ्याची वही होती, आणि तिच्यातल्या दोन वर्षांच्या ओळी माझ्या अक्षरात होत्या.

डिप्लोमा झाला आणि त्याच तंत्रनिकेतनाच्या इंजिन प्रयोगशाळेत मला कंत्राटी नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन आले. तुम्ही खोक्यातून तुमचा फटी मोजायचा फीलर गेज काढून माझ्या हातावर ठेवलात, पात्या घासून घासून पातळ झालेला. मी म्हणाले, चाचा, पात्या झिजल्यात, माप चुकेल. तुम्ही हसलात. म्हणालात, किती झिजल्यात ते मला पाठ आहे, तू पण पाठ कर. मला तेव्हा नवा गेज हवा होता, हे कबूल करायला आता काय हरकत आहे. रविवारी येणं मग कमी झालं, पण सुटलं नाही. महिन्यातून एकदा तरी यायचेच.

मग तो दुष्काळ आला. बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, पालीकडची माणसं त्यात उतरून खड्डे खणत होती, आणि आमच्या नेकनूरला टँकर चौथ्या दिवशी. त्या वर्षी शहरातल्या एका सहकारी वाहतूक संस्थेनं सहा जुन्या पिकअप गाड्यांवर टाक्या बसवून वाड्या-वस्त्यांवर आणि गुरांच्या छावण्यांवर पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. सहाही इंजिनं तुम्ही हिवाळ्यात बांधून दिली. त्यातल्या पहिल्या दोन इंजिनांचे आकडे मी स्वतः काट्यावर बघून वहीत उतरवले होते. आधी चव्वेचाळीस, नंतर सत्तावन्न. दुसऱ्याचंही तसंच काहीतरी. तुम्ही खूश होतात. उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढली तशा संस्थेनं टाक्या बदलून मोठ्या बसवल्या, आणि लिंबागणेशाकडच्या चढावर गाड्या गुरगुरायला लागल्या. ड्रायव्हर म्हणाले, ओढत न्हाईत. टाकी मोठी झाली हे कोणी बोलेना. संस्थेच्या सचिवांनी ठरवलं की मिस्त्रीनं जुनेच सुटे भाग घासून बसवले आहेत, आणि तपासणीसाठी त्यांनी एक इंजिन उतरवून आमच्या प्रयोगशाळेत पाठवलं.

आमच्याकडचं मशीन पाण्यावर चालायचं. बंद डब्यात पाणी, त्यात इंजिन पंखा फिरवतं, पाणी त्याला अडवतं, आणि तो अडथळा बाहेरच्या काट्यावर दिसतो. त्याला वाहतं, थंड पाणी लागतं. त्या वर्षी वसतिगृहातल्या मुलांना अंघोळीला पाणी नव्हतं, मशीनला कुठून येणार. मग एक टाकी भरून तेच पाणी फिरवत ठेवायचं असं सरांनी ठरवलं. वैशाखातली दुपार, पत्र्याखाली त्रेचाळीस अंश. अर्ध्या तासात टाकीतलं पाणी इतकं तापलं की हात घालवेना. काटा थरथरत होता, भार धरवत नव्हता. इंजिन अजून जाणार होतं, ते मला आवाजावरून कळत होतं, तुम्हीच कान तयार केला होता. पण मशीनला झेपेना म्हणून मी फेरे कमी केले आणि जिथे काटा स्थिर झाला तो आकडा लिहिला. एकोणपन्नास. कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. पाणी तापलं होतं, हवा तापली होती, काटा कित्येक वर्षांत पडताळलेला नव्हता, हे सगळं त्या रकान्यात बसलं असतं. मी तो कोरा सोडला. सरांनी सही केली आणि शिक्का मारला.

कंपनीच्या पुस्तकात त्या इंजिनाची ताकद त्रेसष्ट दिलेली. ती कंपनीनं आपल्या मशीनवर, आपल्या गार खोलीत, इंजिनाच्या अंगावरचं पंखा-डायनमोचं ओझं काढून ठेवून मोजलेली. सचिवांनी त्रेसष्टभोवती लाल गोल काढला, एकोणपन्नासभोवती लाल गोल काढला, आणि मधे एक रेघ मारली.

बैठक संस्थेच्या कार्यालयात झाली. सचिव, दोन संचालक, मी आणि तुम्ही. सर आले नाहीत, त्यांनी मला पाठवलं. तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घालून आला होतात आणि निळी वही मांडीवर होती, एका पानात बोट घालून ठेवलेली. मी ते पान ओळखलं. सचिवांनी कागद वाचून दाखवला आणि तुम्हाला विचारलं की यावर काय म्हणणं आहे. तुम्ही भांडला नाहीत. इतर कोणी असता तर मशीनलाच खोटं ठरवलं असतं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "मॅडमच्या मशीनवर एकोणपन्नास आलं, मी मानतो. पन आता एक नवं कोरं इंजिन बी त्याच मशीनवर लावा. मग दोघांतला फरक सांगा. मला आकडा न्हाई पायजे, फरक पायजे."

तुम्ही मला मॅडम म्हणालात. त्यापूर्वी कधी म्हणाला नव्हतात, बेटा म्हणायचात. मला तेव्हा हायसं वाटलं, आज त्याची लाज वाटते. संस्थेकडे त्याच वर्षी घेतलेली एक नवी पिकअप होती. सचिव म्हणाले, नव्या गाडीचं इंजिन उतरवलं तर कंपनी हात वर करेल, आणि पुन्हा टाकीभर पाणी घालवलं तर बाया घागरी घेऊन आपल्याच दारात येतील. मग मला विचारलं, मॅडम, तशी गरज आहे का. मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हणाले, पाणी नाही, आणि तशी गरजही वाटत नाही.

तुम्ही वही उघडायला लागलात. तेवढ्यात सचिव हसत हसत मला म्हणाले, "एक इचारतो, राग मानू नका. हे मिस्त्री तुमच्या वळखीचे हायत का?"

मी म्हणाले, तोंडओळख आहे.

वही अर्धी उघडी होती. पानावर माझं अक्षर होतं, टेबलापलीकडून मला ते उलटं दिसत होतं. तुम्ही तेवढं पान त्यांच्यापुढे सरकवलं असतं तर तुमचं नाव वाचलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. मराठी वाचायला न येणाऱ्या माणसालाही हे कळायला वेळ लागला नाही. तुम्ही पानातलं बोट काढलंत, वही मिटलीत, काखेत धरलीत, आणि म्हणालात, ठीक हाय. पुढे कोणी काय ठरवलं ते मला नीट आठवत नाही. तुम्ही बाहेर पडताना दारात चप्पल शोधत होतात आणि मी कागद लावत बसले होते.

नंतरचं मला सगळं कानावर येत होतं. बीड केवढंसं. संस्थेनं काम काढून घेतलं ते तर झालंच, पण चौकात चहाच्या टपरीवर पोरंसोरं तुम्हाला विचारायला लागली की चाचा, चौदा घोडे कुठं बांधले. त्रेसष्टातून एकोणपन्नास गेले की चौदा राहतात, एवढं गणित सगळ्यांना येत होतं. तुम्ही टपरीवर जाणं सोडलंत. ज्या माणसाकडे बीडमधला एकमेव काटा होता त्यालाच लोक मापात पाप करणारा म्हणायला लागले. ट्रॅक्टरवाले गेले, मग जीपवाले. वर्षाच्या आत शेड बंद झाली, आणि तुम्ही पालीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात रोजावर जायला लागलात. तिथला मालक तुमच्याच हाताखाली शिकलेला होता.

यावर माझ्याकडे कारणं आहेत, चाचा. चोवीस वर्षांची मुलगी, बौद्ध घरातली, कंत्राटी. आधीच सगळे बघत होते की ही कुठे चुकते. मी आपल्या गुरूची बाजू घेतली असं म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता. मला वाटत होतं की हात स्वच्छ ठेवायचे तर तुमच्यापासून लांब उभं राहायला हवं, आणि मी इतकी लांब उभी राहिले की शेवटी आकडाच चुकीच्या जागेवरून बघितला. ही कारणं सगळी खरी आहेत. मी ती नवऱ्याला सांगितली आहेत, एका मैत्रिणीला सांगितली आहेत, दोघांनीही मान डोलावली. पण अशा नोकऱ्यांतल्या बाकीच्या मुलीही माझ्यासारख्याच होत्या आणि त्यांनी कोणाच्या अन्नाला तोंडओळख म्हटलं नाही. मला माझा राग येतो. दुष्काळाचाही येतो, पण दुष्काळानं शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला नव्हता.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तंत्रनिकेतन सोडून पुण्याला नोकरीला गेले होते. पोचले तोवर दफन होऊन दोन दिवस झाले होते. चाचीनं मला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं. ती म्हणाली, तुझं नाव काढायचे, माझी बेटी पुन्याला मोठ्या मशीनवर हाय म्हनून सांगायचे सगळ्यांना. मी विचारलं, अजून काही म्हणायचे का. ती म्हणाली, अजून काय म्हनायचं? मग तिनं भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली. वहीचं काय झालं ते विचारायचं धाडस झालं नाही.

आई उठली आहे. कोणाला लिहितेस म्हणून विचारते. मी ऑफिसचं काम आहे असं सांगितलं आणि परत एक चक्कर मारून आले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या मुलांनाही द्यायचं नाही, मग यात तरी एक गोष्ट खोटी ठेवून कशी उठू. वर मी लिहिलं की तुमचं बरोबर होतं हे मला गेल्या आठवड्यात, त्या तरुणाशी बोलताना कळलं. तसं झालं नाही. घाम खरा होता, पण तो कळल्याचा नव्हता.

दुष्काळानंतरच्या वर्षी पाऊस चांगला झाला. बिंदुसरा भरून सांडव्यावरून वाहायला लागलं, आणि सगळं बीड ते बघायला पालीकडे लोटलं होतं. त्याच भाद्रपदात तंत्रनिकेतनाला विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक इंजिन आलं, पेटीतलं, कोरं, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं. मी ते एका शनिवारी एकटीनं मशीनवर चढवलं. या वेळी पाणी गार होतं, वाहतं होतं, हवा चांगली होती, म्हणजे सगळं त्याच्या बाजूनं होतं. मी काट्यासमोर सरळ उभी राहिले आणि आकडा बघितला. पन्नास. तुमचं तापलेल्या पाण्यावर, भर वैशाखात एकोणपन्नास, आणि कंपनीचं नवं कोरं पन्नास. तीनदा मोजलं. मग कागदावर नीट लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यासकट, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी मी त्या गॅरेजात आले होते. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एका टेम्पोखाली होतात, पाय दिसत होते. मला बघून बाहेर आलात, फडक्यानं हात पुसलेत आणि पहिलं काय विचारलंत, तर माझी नोकरी पक्की झाली का. झाली होती, त्याच महिन्यात. तुम्ही शेजारच्या टपरीवरून चहा मागवलात, बाकडं स्वतः पुसलंत, आणि आपण दोघं पावसाबद्दल, माझ्या वडिलांच्या गुडघ्याबद्दल आणि धरण सांडल्याबद्दल बोललो. कागद माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. तुम्ही त्या बैठकीचं नाव काढलं नाहीत. मी चहा संपवला आणि नेकनूरची बस पकडली.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. तो कागद कोणालाही दाखवला असता तर टपरीवरची ती चौदा घोड्यांची चेष्टा बंद झाली असती, आणि मग लोकांनी मला विचारलं असतं की हे त्या बैठकीत का नाही बोललात. म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही विचारलं असतंत तर त्या दिवशी सगळं सांगून टाकलं असतं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. नसतं सांगितलं, चाचा. तुम्ही विचारलं असतंत तरी नसतं सांगितलं.